उकंडरावाची कावड

उकंडराव हे नाव आता कोणी ठेवत नाही. पूर्वी आमच्या वऱ्हाडात ज्या बाईची मुलं जगत नसत, ती नवं मूल जन्मलं की त्याला घटकाभर उकंड्यावर, म्हणजे केराच्या ढिगावर, नेऊन ठेवायची. दुसऱ्या बाईनं ते उचलून तिला परत द्यायचं. केरातलं पोर कोण नेणार, मृत्यूसुद्धा नाक मुरडून पुढे जाईल, असा त्यामागचा विचार. मेडशीजवळच्या आमच्या गावात प्रयागबाई माळिणीची पहिली दोन मुलं गेली होती, म्हणून तिसऱ्याचं नाव उकंडा पडलं. मृत्यूनं नाक मुरडलं खरं, पण पोरगा मिसरूड फुटायच्या बेताला आला आणि त्याला मिरगी लागली.

पहिला झटका मोटेच्या विहिरीवर आला. बैल हाकता हाकता तो त्यांच्याच वाटेवर आडवा झाला, हातपाय झाडू लागला, तोंडाला फेस आला. बैल शहाणे होते, थांबले. त्या दिवसापासून गावानं उकंड्याची काळजी घ्यायला सुरुवात केली, आणि ती अशी घेतली की विचारू नका. विहिरीवर जायचं नाही. गाडी हाकायची नाही. झाडावर चढायचं नाही. होळीजवळ उभं राहायचं नाही. त्याला मुलगी कोणी देईल, ही गोष्ट तर बोलण्यातसुद्धा आली नाही. त्याला कोणी वाईट वागवलं असं मी म्हणणार नाही. लग्नाच्या मांडवात त्याला बोलावत, आणि भिंतीला टेकून म्हाताऱ्यांच्या आणि लेकरांच्या मधोमध बसवत.

झटक्यावर गावाकडे दोन उपाय होते. एक कांदा फोडून नाकाशी धरायचा, नाहीतर पायातला जोडा. जोडा जितका जुना तितका गुण लवकर, असं सांगणारेही होते. उकंडराव शुद्धीवर येई तेव्हा भोवती गर्दी असायची आणि कोणीतरी अभिमानानं आपला जोडा परत पायात घालत असायचा. काही न हुंगवता हा उठतो की नाही, हे पाहायला मात्र कोणी कधी थांबलं नाही.

घरचा मळा नाल्याच्या काठी होता. वांगी, मेथी, मिरची, हिवाळ्यात मुळे. गाडी हाकायची बंदी, म्हणून उकंडराव बांबूच्या दोन टोकांना टोपल्या अडकवून भाजी खांद्यावर बाजाराला नेऊ लागला. आधी मेडशी, मग मालेगाव, मग थेट रिसोडचा बाजार. प्रयागबाई पहिल्यांदा रडली, नंतर तिला सवय झाली. अकोला-वाशीम सडकेवर तेव्हा नुकत्या मोटारी धावू लागल्या होत्या. लोक मोटारीचं कौतुक करत आणि हा धुळीतून आपला चालत सुटे. चालताना आपल्याला झटका क्वचितच येतो, रिकामं बसलं किंवा झोप मोडली की हमखास येतो, असं त्याचं स्वतःचं मत होतं. कोणा वैद्यानं त्याला ते सांगितलेलं नव्हतं आणि त्यात खरं किती होतं ते मलाही ठाऊक नाही. पण चालून चालून त्याच्या पिंढऱ्या लाकडासारख्या झाल्या होत्या, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आणखी एक गोष्ट त्याला ठाऊक होती. झटका यायच्या आधी त्याचा डावा तळहात मुंग्या आल्यासारखा झिणझिणायचा आणि तीळ करपल्याचा वास यायचा. त्यानंतर पडेपर्यंत एखादं काम उरकण्याइतका वेळ मिळायचा. डोक्यावरचं ओझं उतरवायचं, दगडापासून बाजूला व्हायचं, बसायचं. हे त्यानं सुरुवातीला एकदा आईला सांगितलं होतं. त्यावर आईनं असं केलं की रोज सकाळी त्याचा हात चाचपून पाहायची, आणि शंका आली की घरात कोंडून ठेवायची. तेव्हापासून त्यानं तळहाताची गोष्ट कोणाला सांगितली नाही.

आता कावडीकडे येतो. आमच्या गावचे दोन गडी दर वर्षी पायी ओंकार मांधात्याला जात आणि नर्मदेचं पाणी कावडीनं घेऊन येत. पातूर, अकोला, अकोट, मग सातपुडा ओलांडून खंडव्याकडून नर्मदा. जायला पंधरवडा, यायला पंधरवडा, तोही अनवाणी. कावड म्हणजे एक बांबू आणि त्याच्या दोन टोकांना शिंक्यात बसवलेली, तोंडं बांधलेली मातीची मडकी. शिवरात्रीच्या आत दोन्ही कावडी गावात आल्या पाहिजेत. एका कावडीचं पाणी महादेवावर पडायचं. दुसरी देवळाच्या आढ्याला टांगून ठेवायची आणि अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, ते पाणी गावाच्या शिवेवर आणि विहिरीविहिरीतून शिंपडायचं. त्याशिवाय कोणी वावरात औत घालत नसे.

नियम कडक होते. कांदा-लसूण वर्ज्य, कातडं वर्ज्य, आणि भरलेली कावड जमिनीला टेकता कामा नये. जेवताना, निजताना ती झाडाला टांगायची, नाहीतर जोडीदाराच्या खांद्यावर द्यायची. म्हणूनच जोडी. टेकली किंवा फुटली तर ज्याची त्यानं परत नर्मदेवर जायचं, आणि तेही एकट्यानं नाही. जो हे करून आला तो पुरा माणूस. पंगतीत त्याला पहिला पाट, गावकीत त्याच्या शब्दाला वजन. उकंडरावाला नेमकं हेच हवं होतं. गावानं आपल्याला सांभाळायच्या वस्तूंतून काढून माणसांत मोजावं, एवढी एकच इच्छा त्याला होती, आणि तिशी आली तरी ती पुरी होत नव्हती.

सन चौतीसच्या हिवाळ्यात महादेवाच्या ओट्यावर बैठक भरली. पहिला उभा राहिला नानाजी. नानाजी हा उकंडरावाचा लहानपणापासूनचा मित्र. देह पैलवानाचा आणि काळीज असं मऊ की दुसऱ्याच्या मुलीच्या पाठवणीलाही हा हमसून रडायचा. त्याच्या जोडीला कोण, असं उत्तमराव पाटलांनी विचारलं, तर भिंतीकडून उकंडराव उठला.

"मी जातो."

ओट्यावरच्या माना त्याच्याकडे वळल्या. मग सगळे एकदम बोलू लागले. खरी अडचण मांडली ती पाटलांनी.

"हे पाह्य उकंड्या, वाटंत कांदा चालत नाई, जोडा चालत नाई. तू पडला त तुले शुद्धीवर आनाचं कायनं?"

प्रश्न गंभीर होता आणि माणसं त्यावर गंभीरपणे विचार करू लागली. एकानं सुचवलं की कांदा खायचा नाही, नुसता जवळ ठेवायचा. दुसऱ्यानं विचारलं, हुंगणं म्हणजे अर्धं खाणंच नाही का? उकंडराव म्हणाला, "तुमी काई हुंगवलं नाई तरी मी उठतोच, पाटील." ते कोणी ऐकलं नाही. शेवटी नानाजीनं छातीवर हात मारला.

"माह्या भरवशावर धाडा त्याले. मी हाओ ना संगं. मी सांभाळतो."

नानाजीच्या भरवशावर गावानं परवानगी दिली. उकंडराव खूश व्हायला हवा होता. तो खाली बसला आणि बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिला, असं नानाजीच मला म्हणाले. ही सगळी हकीकत मला त्यांनीच सांगितली, तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते.

जाताना काही झालं नाही. नानाजी सावलीसारखा मागे. उकंडराव आडवाटेला गेला तरी हा दहा पावलांवर उभा. मांधात्याला नर्मदेत बुडी घेताना यानं त्याच्या धोतराचा सोगा हातात धरून ठेवला होता. काठावरच्या बाया हसत होत्या. मडकी भरली, तोंडं बांधली आणि दोघे परत फिरले.

सातपुडा उतरले, अकोट मागे पडलं, अकोला मागे पडलं. पातूरचा घाट चढून वर आले. पळस फुलले होते आणि शिवरात्र दोन दिवसांवर होती. घर आता इतकं जवळ होतं की नानाजी पहिल्यांदाच पुढे निघून गेला आणि मोठमोठ्यानं बोलत चालू लागला. मागे उकंडरावाचा तळहात झिणझिणला. तो सडकेच्या बाजूला झाला, पळसाच्या बेचक्यात त्यानं कावड नीट अडकवली, मडकी हलत नाहीत ना ते पाहिलं, मातीत बसला आणि पडला.

नानाजीनं आवाज ऐकून मागे वळून पाहिलं ते एवढंच, की उकंड्या मातीत तडफडतो आहे. त्याच्या हातून बांबू सुटला. सुटला कसला, त्यानं फेकला. दोन्ही मडकी घाटातल्या दगडांवर फुटली. तो धावत जाऊन उकंडरावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला आणि हुंगवायला काहीच नाही म्हणून ओरडून रडू लागला. सडकेवर ऐकायला चिटपाखरूही नव्हतं. थोड्या वेळानं उकंडराव नेहमीप्रमाणे आपोआप शुद्धीवर आला. त्यानं आधी झाडाकडे पाहिलं. कावड जागच्या जागी होती. मग सडकेवरच्या खापऱ्या दिसल्या.

"हे काय झालं?"

"तू पडला न बावा."

"मी पडलो. तुले काय झालं होतं?"

नानाजीनं खापऱ्यांकडे पाहिलं. "तुले पाह्यलं अन् हातच सुटले माहे," तो म्हणाला.

"म्या कावड टांगली होती," उकंडराव म्हणाला. त्याचा ओठ चावला गेला होता आणि बोलताना रक्त येत होतं. "इतकी वर्सं पडून राह्यलो मी. एक बार तरी मेलो काय? काहून टाकली?"

नानाजीला फार लागलं. ज्याच्यासाठी आपण देवाचं पाणी सांडलं तोच आपल्याला रागावतो आहे, हे त्याच्या डोक्यात मावेना. तिथून गावापर्यंत दोघे वीस पावलांचं अंतर ठेवून चालले.

वेशीवर बाया पाय धुवायला तांबे घेऊन उभ्या होत्या. दोन माणसं आणि एकच कावड पाहिल्याबरोबर गावानं काय ते ओळखलं. "पडला ना उकंड्या!" नानाजी सांगू लागला की याची शाबूत आहे, फुटली ती माझी. त्याला दोनदा सांगावं लागलं. उत्तमराव पाटलांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे याच्याच पायी फुटली ना?" शिवरात्रीला महादेवावर पडलं ते उकंडरावाच्या कावडीचं पाणी. त्याला पंगतीत पहिला पाट दिला. आणि पाटामागे एक गडी उभा केला, हा पडलाच तर धरायला. उकंडरावानं जेवण पुरं केलं. मला विचाराल तर त्यानं ताट भिरकावायला हवं होतं.

आता आखाजीच्या पाण्याचं काय, म्हणून पुन्हा बैठक भरली. नानाजीला परत जाणं भागच होतं, पण त्याच्या जोडीला कोण? हरभरा घरात यायचा होता, गहू उभा होता, पुढे लग्नं. आणि ऊन. होळीनंतर अनवाणी सातपुडा ओलांडायचा म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकाची कंबर दुखू लागली, एकाची सोयरीक निघाली. पाटील एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेले आणि तोंडं खाली जात राहिली. शेवटी उकंडराव उठला.

"मी जातो."

या खेपेला कांद्याचा आणि जोड्याचा प्रश्न कोणालाच पडला नाही. मिरगीचं नावही कोणी काढलं नाही. "ठीक हाय," पाटील म्हणाले, आणि बैठक फार लवकर उठली. एकटी प्रयागबाई देवळाच्या पायरीशी उभी राहून सगळ्यांना शिव्या देत होती. "थंडीत पोरगं आजारी, अन् उन्हात चांगलं झालं काय रे?" असं ती विचारत होती आणि लोक तिला वळसा घालून घरी जात होते.

होळी झाल्यावर दोघे निघाले. नानाजी अजून घुश्शात होता. पातूरच्या घाटात त्याच खापऱ्या पडलेल्या दिसल्या, तशी त्यानं पावलं भरभर उचलली. अकोटच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी भाकरी खायला बसले तेव्हा उकंडरावानं आपण होऊन डावा हात पुढे केला आणि तळहाताची सगळी गोष्ट सांगितली. मुंग्या, तिळाचा वास, मधला तेवढा वेळ.

नानाजीनं तो हात उलटसुलट करून पाहिला. "अन् हे मले आता सांगून राह्यला? इतकी वर्सं काहून नाई सांगतलं?"

"मायले सांगतलं होतं. तिनं कोंडलं. तुले सांगतलं असतं त तू माहा हातच धरून चालला असता."

नानाजीनं धरलेला तो हात सोडला.

"एक काम कर माह्यासाठी," उकंडराव म्हणाला. "या बारीनं मी पडलो त मले हात लावू नको. कावड सांभाळ. मी उठतो."

"अन् नाई उठला त?"

"त मंग नाई उठलो. पन तुह्यापायी नाई, माह्यापायी."

नानाजीनं हातातला भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला. त्याला वाटत होतं की हा आपल्याला मैत्रीतून काढतो आहे. मग तो म्हणाला, "बरं. पडू देईन." आणि म्हणताच त्याला पुन्हा रडू आलं, असा हा माणूस.

या खेपेला मांधात्याला उकंडराव एकटा नर्मदेत उतरला. नानाजी काठावर, पाठ फिरवून बसला. पाण्याचा आवाज थांबला तरी त्यानं वळून पाहिलं नाही. नर्मदेवरून रिकाम्या खांद्यानं परतायचं नसतं, म्हणून दोघांनीही कावडी भरल्या.

परतीच्या वाटेवर चैत्राचं ऊन पेटलं होतं. पहाटे चालायचं, दुपारी झाडाखाली कावडी टांगून पडायचं. डोंगरातून उतरून ते अकोटच्या अलीकडच्या काळ्या मैदानात आले तेव्हा ऊन वर आलं होतं. पिकं निघून गेलेली, नजर जाईल तिथपर्यंत भेगाळलेली जमीन, झाड म्हणून एकही नाही. तिथे उकंडराव थांबला.

"नानाजी. येऊन राह्यली."

नानाजीनं चारी बाजूंना पाहिलं. टांगायला काही नव्हतं. त्यानं आपली कावड उजव्या खांद्यावर नीट सरकवली आणि डावा खांदा पुढे केला. उकंडरावानं आपला बांबू त्यावर ठेवला, मडक्यांचा झोक सारखा केला, नानाजीचा हात धरून बांबूवर बसवला. मग तो बाजूला होऊन जमिनीवर बसला, आणि पडला.

नानाजी दोन्ही खांद्यांवर दोन कावडी घेऊन उभा. वाकता येत नाही, बसता येत नाही, हात सोडता येत नाहीत. पायाशी मित्र माती उडवतो आहे, तोंडातून फेस येतो आहे, डोकं ढेकळावर आपटतं आहे. पायानं ते ढेकूळ तरी सरकवावं असं त्याला वाटलं, पण पाय उचलला तर तोल जायचा. मडकी हलत होती. त्यानं देवाला शिव्या दिल्या, गावाला दिल्या, उकंडरावालाही दिल्या. कावडी टाकाव्यात असं त्याच्या मनात एकदा नाही, अनेकदा आलं, आणि ते त्यांनी मला म्हातारपणी न लाजता सांगितलं. "टाकली असती त कोनी काई म्हनलं नसतं. त्यानंच आयुष्यभर तोंड पाह्यलं नसतं माह्यं," असं ते म्हणाले.

हातपाय झाडणं थांबलं. उकंडराव निपचित पडला. ऊन नेमकं त्याच्या तोंडावर येत होतं. तेव्हा नानाजी मडकी सांभाळत, फरफटत, दोन पावलं सरकला आणि आपली सावली त्याच्या चेहऱ्यावर पडेल असा उभा राहिला. त्याच्या हातात तेवढंच होतं. सूर्य जसा सरकेल तसा तो थोडा थोडा सरकत राहिला. खांदे सुन्न झाले. डोळ्यांतलं पाणी आणि घाम मिळून दाढीवरून गळत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

उकंडरावानं डोळे उघडले. भोवती गर्दी नव्हती, कांदा नव्हता, जोडा नव्हता. कोणी त्याचं डोकं धरलं नव्हतं. वर नानाजीचा काळा आकार आणि दोन्ही बाजूंना चार मडकी. तो उठून बसला, मग कोपरावर भार देत हळूहळू उभा राहिला. त्यानं कपाळाची माती झाडली.

"टेकली त नाई ना कोठी?"

नानाजीनं नाही म्हणून मान हलवली.

उकंडरावानं डोक्याचा पटका सोडला. आधी त्यानं नानाजीचे डोळे पुसले, मग सगळं तोंड, मान, आणि मग त्याच पटक्यानं आपल्या तोंडाचा फेस पुसला. नानाजीच्या डाव्या खांद्यावरून आपली कावड उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतली. अकोट अजून लांब होतं, म्हणून दोघे चालू लागले.